फोंताइन्हास की दिवाडी? आमच्या पहिल्या गाण्याचं शूट

गाणं 3 मिनिटांचं, शूटला एकच दिवस, आणि ग्रुपमध्ये अजून ठरत नाहीये की पणजीत फोंताइन्हासच्या जुन्या वस्तीत करायचं की दिवाडी बेटावर. फोंताइन्हासला रंग आयते मिळतात, निळ्या-पिवळ्या भिंती, लाल कौलं, कॅमेरा कुठेही लावा फ्रेम छानच, पण गल्ल्या अरुंद, मध्येच स्कूटर येते, आणि ती लोकांची राहती घरं आहेत हो, त्यांच्या दारात स्पीकर लावून एकच कडवं वीसदा वाजवणं मला खरंच पटत नाही.

दिवाडीला जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की शेतं, मोकळा रस्ता, आकाश. आमचा मेन शॉट स्लो-मोशनचा आहे, म्हणजे गाणं दुप्पट स्पीडने वाजवायचं, गायिकेने त्याच स्पीडने ओठ हलवायचे, शूट सेकंदाला 50 फ्रेमवर, मग एडिटमध्ये 25 वर आणलं की ओठ जुळतात आणि केस, ओढणी सगळं संथ उडतं, जादूच वाटते ती! याला बरेच टेक लागतात आणि ते शांतपणे तिथेच होतील. सावली कमी, दुपारी ऊन फार, छत्र्या आणि पाणी न्यायलाच हवं.

माझं मत दिवाडी. फोंताइन्हासचा एखादा शॉट हवाच असेल तर सकाळी लवकर, स्पीकरशिवाय, नुसता चालतानाचा.