चहा पाजून खिसा कापणारे: बीजिंग, शांघाय आणि शीआन

चीनमध्ये परदेशी पाहुण्याला गंडवणारा माणूस भर दुपारी, माणसांनी फुललेल्या रस्त्यावर, बऱ्यापैकी इंग्रजीत "कुठून आलात?" असं विचारत भेटतो. दारूच्या आणि मसाजच्या नादी लागणाऱ्यांसाठी वेगळे सापळे आहेत, त्यांचं ते बघून घेतील. इथे लिहिलंय ते सापळे चहा, सुलेखन, जुन्या गल्ल्या आणि सम्राटांच्या समाध्या बघायला गेलेल्यांसाठी मांडलेले असतात, म्हणून त्यात चांगली वाचणारी, अभ्यास करून गेलेली मंडळीही अडकतात.

चहाचा सापळा सगळ्यात जुना. जागा ठरलेल्या आहेत: बीजिंगमध्ये वांगफूचिंगचा बाजाररस्ता आणि तिएनआनमन चौकाचा परिसर, शांघायमध्ये नानचिंग रोड आणि पीपल्स स्क्वेअर. दोन तरुणी, कधी मुलगा-मुलगी, "आमचा एक फोटो काढता का?" म्हणून थांबवतात. आपण विद्यार्थी आहोत, दुसऱ्या प्रांतातून फिरायला आलोय, इंग्रजीचा सराव करायचाय, असं सांगतात. भारतीय दिसलात तर आमिर खानचा विषय निघणार हे धरूनच चाला. पंधरा-वीस मिनिटं छान गप्पा होतात आणि मग सहज सुचल्यासारखं "इथे जवळच पारंपरिक चहा दाखवतात, येता का?"

ती जागा इमारतीच्या आत, जिना चढून किंवा लिफ्टने वर असते. रस्त्यावरून पाटी दिसत नाही, खोलीला बहुधा खिडकी नसते. समोर पाणी निथळायला फटी ठेवलेला लाकडी ट्रे, झाकणाचा पेला, दोन घोटांत संपणारे कप. रेशमी पोशाखातली बाई पहिलं पाणी कपांवरून ओतून देते, पान हुंगायला देते, मग दुसरं पाणी कपात. ही रीत अस्सल आहे आणि फसवणुकीचं बळ त्यातच आहे. चमेली, ऊलोंग, पूअर, एखादा फळांचा, असे पाच-सहा प्रकार होतात. बिल येतं तेव्हा दर प्रत्येक प्रकाराला आणि प्रत्येक माणसाला लावलेला असतो, वर खोलीचं भाडं आणि चहा करून दाखवल्याचे वेगळे पैसे. माणशी हजार-दोन हजार युआन सहज होतात. एक युआन म्हणजे बारा-तेरा रुपये धरा.

नेमक्या याच क्षणी त्या मुलींपैकी एक जण कुरकुर न करता पर्स उघडून आपला वाटा भरते. इथेच माणूस गारद होतो. यजमान पोरगी देतेय आणि आपण घासाघीस कशी करायची, ही भीड. तिचे पैसे तिला परत मिळतात, वर दलाली मिळते. दरपत्रकही असतं, ते सुरुवातीला एकदा डोळ्यांसमोरून फिरवलेलं असतं. त्यामुळे पुढे तक्रार केली तरी प्रकरण चोरीचं न राहता बिलावरच्या वादाचं होऊन बसतं.

म्हणून बसण्याआधी दर विचारा, आणि तोंडी नको. फोनवर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये लिहा: "एका माणसाचे, सगळं मिळून, किती?" आकडा त्यांनाच टाइप करायला लावा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्या. टाळाटाळ झाली की उठा, कप भरला असला तरी. बिल आलंच असेल तर बिलाचा, दरपत्रकाचा आणि दारावरच्या क्रमांकाचा फोटो काढा, "फापियाओ द्या" म्हणा (ही करखात्याची अधिकृत पावती, आणि असल्या दुकानांना नेमकी तीच द्यायची नसते) आणि त्यांच्यासमोरच 110 हा पोलिसांचा नंबर लावा. बऱ्याचदा रक्कम तिथल्या तिथे उतरते. जवळच्या पोलीस चौकीत गेलात तर पोलीस दुकानदाराला बोलावून तडजोड घडवतात आणि थोडेफार पैसे परत मिळू शकतात, पण त्याच दिवशी जा. भारतात परतल्यावर बँकेकडे दाद मागणं अवघड, कारण पिन तुम्हीच टाकलेला असतो. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाची परदेशी व्यवहारांची मर्यादा खाली आणून ठेवा, हे दोन मिनिटांचं काम आहे.

चहा खरंच चाखायचा असेल तर बीजिंगमध्ये माल्येनदाओ हा चहाच्या घाऊक बाजाराचा रस्ता आहे. तिथले दुकानदार फुकट चव देतात, गिऱ्हाईक घेईल या आशेवर. तिथेही दर कशाचा ते विचाराच. चिनी बाजारात चहा जिनवर विकतात, एक जिन म्हणजे 500 ग्रॅम. पर्यटकांच्या दुकानात मात्र पाटीवरचा आकडा कधी ल्यांगचा, म्हणजे 50 ग्रॅमचा असतो. 80 युआन वाचून किलोचा हिशेब करणाऱ्याला तो चहा प्रत्यक्षात किलोला 1,600 पडतो.

चित्रकलेच्या 'विद्यार्थ्यां'चा प्रकार याचंच भावंड. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, सर परदेशी चाललेत वगैरे. तुमचं नाव चिनी अक्षरांत फुकट लिहून देतात आणि मग गुंडाळीचित्र गळ्यात मारतात. कॅमेऱ्याने झूम करून रेघ बघा: बारीक ठिपके दिसले तर ती छपाई.

बीजिंगच्या राजवाड्याबाहेर, म्हणजे निषिद्ध नगरीबाहेर, दोन दारांवर दोन वेगळे धंदे चालतात. प्रवेश दक्षिणेच्या वूमन (मेरिडियन गेट) या दारातून असतो. तिकीट सात दिवस आधी ऑनलाइन निघतं, पासपोर्ट क्रमांकाला बांधलेलं असतं आणि दारावर पासपोर्टच तपासतात. तिकिटाचा दर एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये 60 युआन, एरवी 40. सोमवारी बंद, सरकारी सुट्टीचे सोमवार सोडून. त्यामुळे "माझ्याकडे एक जास्तीचं तिकीट आहे" म्हणणाऱ्याकडे तुमच्या नावाचं काहीही असू शकत नाही. "परदेशी लोकांचं दार तिकडे" म्हणणाराही तुम्हाला त्याच्या दुकानाकडेच नेतोय. तिएनआनमन चौकासाठीही आधी वेळ घ्यावी लागते, पण ती फुकट मिळते. तिचे पैसे घेणारे आहेत.

दुसरा धंदा उत्तरेच्या शेनवूमन दारावर. तास-दोन तास चालून पाय मोडलेले लोक तिथून बाहेर पडतात आणि दारासमोर टॅक्सी सहजी थांबत नाही. सायकलरिक्षावाले नेमके तिथेच उभे. बोटं दाखवून "तीन" म्हणतात. हूथोंगच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, अरुंद गल्लीत शिरल्यावर रिक्षा थांबते, प्लास्टिक चढवलेलं दरपत्रक बाहेर येतं आणि त्यावर 300 असतं, कधी माणशी. सोबतीला एखादा दांडगा मित्रही आलेला असतो. अशा वेळी गल्लीत हुज्जत घालू नका. चालत मोठ्या रस्त्यावर, दुकानाच्या दारात या आणि तिथून 110 लावा. त्याहून बरं म्हणजे दारापासून जरा लांब चालत जाऊन दीदीची (ही ओला-उबरसारखी टॅक्सीसेवा) गाडी मागवणं. आलीपे या पैसे भरण्याच्या अ‍ॅपमध्ये ती इंग्रजीतून बोलावता येते आणि भाडं आधीच दिसतं. हूथोंगमध्ये रिक्षाची हौस भागवायचीच असेल तर शीछाहाय तलावाकाठी परवानाधारक रिक्षा असतात, अंगावर गणवेश, गाडीला क्रमांक.

चीनच्या भिंतीचं गणित सोपं आहे. भिंतीच्या बादालिंग या भागासाठी बीजिंगमधल्या दशंगमनहून 877 क्रमांकाची थेट बस आहे, शिवाय 2019 च्या अखेरीपासून वेगवान रेल्वे थेट बादालिंगला जाते. बसथांब्याच्या अलीकडे गणवेशासारखे कपडे घातलेली माणसं "877 आज बंद" सांगून खासगी गाडीत बसवतात. भिंतीच्या मूथ्येनयू या दुसऱ्या भागाला जाणाऱ्यांसाठी युक्ती वेगळी: ह्वायरोउकडे जाणाऱ्या 916 बसमध्ये वाटेत एक जण चढतो, "मूथ्येनयू, मूथ्येनयू, उतरा" असं ओरडतो आणि भोळा प्रवासी मधल्याच थांब्यावर त्याच्या टॅक्सीपाशी उतरतो. कोणी काहीही ओरडो, नकाशावरचा निळा ठिपका बघून उतरा.

हॉटेलच्या दारात शंभर युआनमध्ये भिंत आणि जेवण देणारी सहल मिळाली तर दिवस कुठे जाणार ते समजून घ्या: जेडचा 'कारखाना', रेशमाचं दुकान, नाडी बघून महागडी औषधं देणारे 'वैद्य', आणि भिंतीवर जेमतेम तासभर. भिंतही कधी बादालिंगऐवजी शुइग्वान या भागाची. गाईडचं पोट दुकानांच्या दलालीवर चालतं, म्हणूनच सहल एवढी स्वस्त.

शीआनमध्ये मातीच्या सैन्याच्या (टेराकोटा आर्मी, म्हणजे चीनच्या पहिल्या, छिन सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेले मातीचे सैनिक) नावावर जे चालतं ते मात्र दाद देण्याजोगं. सैन्य 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलं, शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, लिनतोंगमध्ये. तिकीट 120 युआन, त्यात सम्राटाच्या समाधीचं उद्यानही येतं. पण छिन सम्राटाची मुख्य समाधी आजवर उघडलेलीच नाही. वर झाडं उगवलेली टेकडी आहे, बस्स. तेव्हा "सम्राटाचा भूमिगत महाल दाखवतो" म्हणणारा ड्रायव्हर किंवा गाईड प्लास्टरच्या देखाव्याचे पैसे घेतोय. रेल्वे स्थानकाबाहेर खऱ्या पर्यटन बसच्या रंगाच्या नकली बसही लागतात. त्यापेक्षा मेट्रोची 9 क्रमांकाची लाइन पकडून ह्वाछिंगछी स्थानकाला उतरा आणि पुढे शहराची बस घ्या.

रोख पैसे दिलेत तर टॅक्सीवाला शंभराची नोट "नकली आहे" म्हणून परत करतो, आणि परत आलेली नोट खरोखरच नकली असते, कारण ती तुमची नसतेच. देण्याआधी नोटेच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे मोठ्याने वाचा. आलीपे किंवा वीचॅटला व्हिसा वा मास्टरकार्ड जोडलं असेल तर हा प्रश्नच येत नाही. मात्र एका वेळी 200 युआनच्या वर दिले तर साधारण 3 टक्के शुल्क पडतं.

एक कायदेशीर गोष्ट फार कमी पर्यटकांना माहीत असते. चीनच्या 2013 च्या पर्यटन कायद्याच्या कलम 35 नुसार कवडीमोल सहलीचं आमिष दाखवून दुकानांत नेऊन दलाली खाणं बेकायदा आहे, आणि अशा सहलीत घेतलेल्या वस्तू परत करून पैसे मागायला सहल संपल्यापासून 30 दिवस मिळतात. मागणी दुकानाकडे न करता सहल कंपनीकडे करायची, आधी पैसे तिनेच द्यायचे असतात. त्यासाठी कंपनीचं नाव असलेला करार किंवा पावती लागते, आणि रस्त्यावर पत्रकं वाटून जमवलेल्या सहलीत नेमकं तेच कोणी देत नाही.