जुन्या ८०० मध्ये एमपीएफआय इंजिन: वायरिंग अख्खी घ्यावी की जोडून काढावी?

कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० चं इंजिन थकलं आणि भंगारात अल्टो किंवा नंतरची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) ८०० सापडली, की इंजिन बदलायचं मनात येतंच. दोन्ही इंजिनं ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. लोखंडाचं काम जळगाव-धुळ्यातला हात बसलेला मेकॅनिक निभावून नेतो. गाडी अडते ती वायरिंगवर.

मार्ग दोन. भंगारातल्या गाडीचं इंजिनाचं हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा), इसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), रिले, फ्यूज बॉक्स हे सगळं एकही वायर न तोडता उतरवून आणायचं. किंवा जुनी वायरिंग ठेवून फक्त सेन्सरचे कपलर (वायरीच्या टोकाचे प्लग) कापून आणायचे आणि लागेल तशी वायर जोडत जायचं. माझा कौल पहिल्याला आहे, आणि तो ठाम आहे.

जोडकाम सुरुवातीला स्वस्त पडतं, गाडी लगेच चालूही होते. त्रास पुढे निघतो. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घ्या. २० अंशांना त्याचा रोध दोन-अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना तो तीनशेच्या आसपास उतरतो. पिळून टेप गुंडाळलेल्या जोडाला गंज चढून शंभर ओहम वाढले, तर तापलेलं इंजिन इसीएमला थंड वाटतं आणि ते पेट्रोल जास्त सोडतं. अ‍ॅव्हरेज पडतो, प्लग काळे होतात आणि दोष मात्र इंजिनाला लागतो. त्यात भुसावळचा मे महिना. बॉनेटखाली साध्या टेपचा डिंक वितळून जोड उघडे पडतात. रावेर-यावलकडे गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल, तर उंदीरही आलेच.

अख्ख्या हार्नेसमध्ये मूळचे जोड सलग राहतात, क्रँक-कॅम सेन्सरच्या (इंजिन फिरताना त्याची स्थिती सांगणाऱ्या) शिल्डेड, म्हणजे जाळीचं आवरण असलेल्या वायरीला हात लागत नाही. जुन्या बॉडीशी जोडायचं बोटांवर मोजण्याइतकंच: बॅटरीचा कायम सप्लाय, चावी ऑनचा सप्लाय, स्टार्टर, पेट्रोल पंप, चार्जिंग, ऑइल आणि चेक इंजिनचे दिवे, तापमानाचा काटा. काट्याची वायर इसीएमच्या सेन्सरवर टाकू नका, रीडिंग बिघडतं. काट्याला वेगळा सेंडर (फक्त काट्यासाठीचा सेन्सर) लावा. हे जोडसुद्धा क्रिंप करून (धातूची टोपी दाबून) वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलेलेच हवेत.

भंगारवाल्याकडे घाई करू नका. गाडीला इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) असेल तर इसीएमसोबत तीच चावी, चावीभोवतीची कॉइल आणि इमोबिलायझर युनिट मागा. एक जरी सुटलं तरी स्टार्टर फिरत राहतो आणि इंजिन काही धरत नाही. कपलर लॉक दाबून सोडवायला लावा. ओढून काढलेल्या हार्नेसला पैसे देऊ नका.

टाकीचा प्रश्न दोन्ही मार्गांत सारखाच. कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप इथे उपयोगाचा नाही, इंजेक्टरला साधारण तीन बारचा दाब लागतो. म्हणून आत इलेक्ट्रिक पंप असलेली टाकीच बसवावी, आणि पंप इसीएमच्या रिलेवरूनच चालवावा. चावीवरून थेट सप्लाय दिला, तर अपघातात इंजिन बंद पडूनही पंप पेट्रोल ढकलत राहतो.

बाहेरचा प्रोग्रॅमेबल इसीयू (इसीएमच्या जागी बसणारा, सेटिंग बदलता येणारा कॉम्प्युटर) हा तिसरा पर्याय, पण इंजिनाच्या आत बदल केले असतील तरच. मूळ स्थितीतल्या इंजिनाला त्याची गरज नाही.

अर्थिंग मात्र कुठल्याही मार्गात जुनं ठेवू नका. रंग खरवडून इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी अशा जाड पट्ट्या नव्या घाला. मग स्टार्टर मारताना मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि इंजिन ब्लॉकवर धरा. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ कच्चा आहे, आधी तो सुधारा.

आणि वायर कापायच्या आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना लागू होतं. परवानगी घ्या, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या, आणि भंगारवाल्याकडून इंजिनाची पावती त्या नंबरासकट लिहून घ्या.