स्पॅमॲसॅसिन की आरस्पॅमडी: चांगला मेल अडकला तर कळणार कोणाला?

वाशी, सानपाडा, बेलापूर या पट्ट्यात सीएचए (कस्टम्सचं काम करणारे एजंट) आणि फ्रेट फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारे) यांची ऑफिसं भरपूर. दहा-पंधरा माणसं, भाड्याचा एक व्हीपीएस (आभासी सर्व्हर), त्यावर मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट. स्पॅम फार वाढला की मालक सिस्टिम बघणाऱ्याला हाक मारतात आणि प्रश्न ठरलेला असतो: स्पॅमॲसॅसिन आणि आरस्पॅमडी या दोन स्पॅम फिल्टरपैकी जास्त स्पॅम कोण पकडतो?

माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. नीट लावले तर दोघंही पुरेसं पकडतात. पण न्हावा शेवाला कंटेनर लागला, अरायव्हल नोटीस (माल आल्याची सूचना) फिल्टरने गिळली आणि फ्री डेज (बिनभाड्याचे दिवस) संपून डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचं, बिल आलं, की अडवलेल्या लॉटरीच्या मेलचं कौतुक कोणी करत नाही. म्हणून आधी हे बघायचं, की चुकून अडकलेला चांगला मेल जातो कुठे आणि ते कळतं कोणाला.

स्पॅमॲसॅसिन २००१ पासूनचा, पर्लमध्ये लिहिलेला, २००४ पासून अपाचेचा प्रकल्प. प्रत्येक नियमाचे गुण, बेरीज ५ झाली की स्पॅम. तो स्वतः फक्त शिक्का मारतो. पुढे काय करायचं ते दुसऱ्याने ठरवायचं. बहुतेक ठिकाणी तो अमाविसमधून (पोस्टफिक्स आणि फिल्टर यांना जोडणारा प्रोग्रॅम) चालतो, आणि तोवर पोस्टफिक्सने मेल ताब्यात घेतलेला असतो. एकदा घेतल्यावर परत पाठवायची सोय नाही, कारण स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो आणि बाउन्स भलत्याच्याच माथी पडतो. त्यामुळे मेल जंकमध्ये किंवा क्वारंटाइनमध्ये (सर्व्हरवर अडवून ठेवलेल्या मेलच्या साठ्यात). जंक कोणीतरी कधीतरी उघडतं. क्वारंटाइन कोणी उघडत नाही. तिकडे पाठवणाऱ्याला वाटतं, मेल पोहोचला. स्पॅमॲसॅसिन मिल्टर म्हणूनही, म्हणजे मेल ताब्यात घेण्याआधीच तपासेल असा, लावता येतो, पण तशी मांडणी मला क्वचितच दिसते.

आरस्पॅमडीचा गाभा सीमध्ये, बरेचसे नियम लुआमध्ये. तो मिल्टर म्हणून ११३३२ पोर्टवर बसतो आणि समोरचा सर्व्हर अजून लाइनवर असतानाच निकाल देतो. मुळातले आकडे असे: ४ गुणांना ग्रेलिस्ट (‘थोड्या वेळाने पुन्हा पाठवा’ असं सांगणं), ६ ला हेडरमध्ये शिक्का, १५ ला सरळ ५५४ हा कोड देऊन नकार. नकार मिळाला की शांघायच्या एजंटला त्याच्याच सर्व्हरकडून कळतं, आणि तो फोन करतो. माझं पारडं आरस्पॅमडीकडे झुकतं ते मुख्यतः यामुळे. मात्र ६ ते १५ च्या मधले मेल इथेही जंकमध्येच जातात, हे विसरू नका.

ग्रेलिस्टिंगचाही फरक आहे. पोस्टग्रे हा ग्रेलिस्टिंगचा वेगळा प्रोग्रॅम पोस्टफिक्सला लावला तर तो प्रत्येक नव्या पाठवणाऱ्याला आधी ‘नंतर या’ म्हणतो. किमान पाच मिनिटं जातात, आणि समोरचा सर्व्हर पुन्हा कधी येईल ते त्याच्या मर्जीवर. तोवर पोर्टलचा ओटीपी बाद. आरस्पॅमडी फक्त संशयितांना थांबवतो.

आता या धंद्यातली एक गोष्ट जवळून बघू. नेटवरून उचललेल्या स्पॅमॲसॅसिनच्या लोकल डॉट सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये बऱ्याचदा ‘ओके_लोकेल्स एन’ (फक्त पाश्चात्त्य लिपी चालेल) अशी ओळ असते. मूळ सेटिंग ‘ऑल’ आहे. ही ओळ घातली की परक्या लिपीच्या कॅरेक्टर सेटला गुण बसू लागतात. चिनी एजंटचा मेल जीबी२३१२ या चिनी कॅरेक्टर सेटमध्ये आला आणि मजकूर बराचसा चिनी अक्षरांतच असला, तर मजकुराबद्दल ३.२ आणि हेडरबद्दल आणखी ३.२. झाले ६.४, म्हणजे मेल स्पॅम. विषय सगळा कॅपिटलमध्ये असेल, आणि शिपिंगवाले दुसरं काय लिहितात, तर वर त्याचेही थोडे गुण. ती ओळ काढून टाका किंवा यादीत ‘झेडएच’ घाला.

बेझचं शिक्षण, म्हणजे जुन्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखायला शिकणं, दोघांकडेही आहे आणि दोघांनाही आधी दोनशे स्पॅम व दोनशे चांगले मेल दाखवावे लागतात. आरस्पॅमडी ते रेडिस या डेटाबेसमध्ये ठेवतो. पण आपल्याकडचा घातक स्पॅम ‘स्विफ्ट कॉपी अटॅच्ड’ असं म्हणत येतो आणि खऱ्या मेलसारखाच दिसतो, तिथे बेझ डगमगतो. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पाठवणारा खरा आहे का ते तपासायच्या पद्धती) आणि अटॅचमेंटचे नियम कामाला येतात. अमाविसला इथे मानलं पाहिजे: झिप उघडून आतली ईएक्सई तो नेमकी धरतो. डीकेआयएमची सही आरस्पॅमडी स्वतःच करतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

डीएनएसचा सापळा दोघांच्याही आधी, पोस्टफिक्समध्येच आहे. सर्व्हर गुगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएसवरून स्पॅमहाउसला (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी ठेवणारी संस्था) विचारत असेल तर खरं उत्तर येत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा एररचा कोड येतो. पोस्टफिक्सच्या आरबीएलच्या (अशा काळ्या यादीच्या) ओळीत अपेक्षित उत्तरं लिहिलेली नसतील तर तो या कोडलाही ‘यादीत आहे’ समजतो आणि येणारा प्रत्येक मेल नाकारतो. त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवा, मग फिल्टरकडे वळा.

मेमरीत आरस्पॅमडी हलका. स्पॅमॲसॅसिनची पर्लची पिल्लं (चाइल्ड प्रोसेस) जड, आणि सोबत क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस घेतला तर तो एकटाच एक जीबीच्या वर खातो. दोन जीबीच्या व्हीपीएसवर स्पॅमॲसॅसिन आणि क्लॅमएव्ही दोन्ही कोंबू नका.

ऑफिसच्या दृष्टीने मोठा फरक मला आरस्पॅमडीच्या वेब पानाचा वाटतो. ‘हिस्टरी’मध्ये कोणाचा मेल, विषय काय, कुठल्या नियमाचे किती गुण, सगळं ओळीने दिसतं. डॉक्युमेंटेशन डेस्कवरच्या ताई ते स्वतः वाचून सांगू शकतात की हा आपला मेर्स्कचा मेल आहे, सोडा. स्पॅमॲसॅसिनमध्ये तेच कळायला लॉगमध्ये ग्रेप मारणारा (कमांडने ओळी शोधणारा) माणूस लागतो, आणि तो शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याला ट्रेनमध्ये असतो. ते पान ११३३४ पोर्टवर असतं. उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, व्हीपीएनमधूनच द्या.

सीपॅनेलच्या होस्टिंगवर असाल तर तिथे स्पॅमॲसॅसिन आधीच आहे. ओके_लोकेल्स तपासा आणि कामाला लागा. आयरेडमेल या तयार मेल सर्व्हर पॅकेजवर अमाविस सुरळीत चालू असेल आणि पर्लचे रेजेक्स (मजकूर शोधायचे नमुने) लिहिणारा कोणी असेल तर बदलायची घाई नको. ऑफिसात रोज दहा मिनिटंही कोणी बघणार नसेल तर स्वतःचा मेल सर्व्हरच बंद करून गुगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे जा. बाकी सगळ्यांनी, विशेषतः नव्याने उभं करणाऱ्यांनी, आरस्पॅमडी घ्यावा. पॅकेज त्यांच्या स्वतःच्या रेपॉझिटरीतून घ्या. पहिला महिना नकार बंद ठेवून सगळं जंकमध्ये टाका, हिस्टरी वाचा, मग १५ चा आकडा चालू करा.

जुन्या स्पॅमॲसॅसिनवरून येणार असाल तर नियम बरेचसे आणता येतात, त्यासाठी आरस्पॅमडीत मॉड्यूल आहे. बेझचा साठा मात्र येत नाही. म्हणून जुने जंक आणि इनबॉक्स फोल्डर पुसू नका, आरस्पॅमसी या आरस्पॅमडीच्याच कमांडने त्यांच्यावरच नवं शिक्षण करून घ्यायचं आहे.