नाताळ जहाजावर: आठ महिन्यांनंतर लिहितेय

क्रूझवरून परतल्याबरोबर मी हा अनुभव लिहायला घेतला होता आणि अर्ध्यात सोडला. तेव्हा सगळंच छान वाटत होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग झाला नसता. आता आठ महिने झालेत. बिलं चुकती झाली, फोटो बघून झाले, घरात त्या आठवड्याबद्दल कोण काय बोलतं तेही कानावर पडलंय. पुढच्या नाताळची बुकिंगं सुरू आहेत, म्हणून आत्ता लिहिते.

आम्ही नऊजण होतो. आई-बाबा, दादा-वहिनी आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी, आत्या, मी, नवरा आणि आमची सहा वर्षांची लेक. 21 ते 28 डिसेंबर, सात रात्री.

जाण्याचं कारण आई. माझ्या आठवणीतला प्रत्येक नाताळ आईच्या घरी झाला आणि प्रत्येक नाताळात आई उठबस करत राहिली. टेबलाशी तिची खुर्ची कायम स्वयंपाकघराच्या दाराजवळची, अर्धी वळवलेली, म्हणजे पटकन उठता यावं. आम्ही मदत करायचो, पण काय कुठे आहे ते तिलाच ठाऊक असायचं. दोन वर्षांपूर्वी तिचा गुडघा दुखायला लागला आणि तरीही ती उठतच राहिली. तेव्हा दादाने जहाजाचा विषय काढला. बाबांना तो अजिबात पटला नव्हता. नाताळ घरातच व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

24 तारखेच्या रात्री आम्ही नऊजण एका गोल टेबलाशी बसलो आणि आई पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून जेवली. सुरुवातीला तिचं लक्ष सारखं वाढणाऱ्यांच्या हातांकडे जात होतं. एकदा ती रिकाम्या प्लेट्स एकावर एक रचायला लागली, तर वाढणाऱ्या मुलाने अगदी हळूच तिच्या हातून त्या घेतल्या. त्यानंतर तिने मांडीवरचा नॅपकिन नीट केला, पाठ खुर्चीला टेकवली आणि आत्याला त्यांच्या लहानपणाचं काहीतरी विचारलं. दोघी तासभर बोलत होत्या. नणंद-भावजया इतका वेळ सलग बोलताना मी कधी पाहिल्या नव्हत्या, कारण त्यातली एक नेहमी स्वयंपाकघरात असायची. या एका तासासाठी मी या सहलीला पैकीच्या पैकी गुण देईन.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. 25 ला दुपारी आई डेकवर एकटी बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "मला कुणी काही मागितलंच नाही गं आज." तिला विश्रांती मिळत होती आणि तिचं स्थान मात्र कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं. याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. संध्याकाळी आमची केबिन आवरणारा मुलगा टॉवेलची घडी घालून हत्ती करत होता (रोज रात्री वेगळा प्राणी असतो, लहान मुलं त्याची वाटच बघतात), तेव्हा आईने त्याला थांबवून कृती विचारली. एक टॉवेल दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत गुंडाळायचा, मग दुमडून चार पायांवर उभा करायचा. दुसऱ्याची सोंड. पहिल्यांदा सोंड सुटली, दुसऱ्यांदा जमली. त्या पाच मिनिटांनी तिची सबंध दिवसाची मरगळ गेली. म्हणून आई-वडिलांना विश्रांतीसाठी नेणार असाल, तर त्यांच्या हाताला काहीतरी ठेवा. नातवंडांच्या भेटी बांधायला द्या, पत्ते न्या, विणकाम न्या.

भेटवस्तूंवरून आठवलं: त्या जहाजावर चढल्यानंतर बांधा. सामान विमानतळासारखंच एक्स-रेमधून जातं आणि शंका आली तर बांधलेलं पुडकं उघडायला लावतात. आमची दोन उघडली. कागद, चिकटपट्टी न्या, पण चाकू किंवा मोठी कात्री नको. इस्त्री आणि मेणबत्त्याही चालत नाहीत. आई दरवर्षी एक जाड मेणबत्ती लावते, ती तिने न सांगता बॅगेत घातली होती. ती तिथेच काढून घेतली, पावती दिली आणि शेवटच्या सकाळी परत केली. आईला वाईट वाटलं, मलाही. पण नियम योग्य आहे. भर समुद्रात आग लागली तर बाहेरून बंब येणार नाही, जहाजावरच्याच माणसांनी ती विझवायची असते. बॅटरीवरचा दिवा घरून घेऊन जा आणि हे मोठ्यांना आधीच सांगा, म्हणजे तपासणीच्या रांगेत त्यांच्या डोळ्यांत पाणी येणार नाही.

आता केबिन. यात आम्ही सर्वात मोठी चूक केली. आई-बाबांची आणि आत्याची केबिन जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर होती. दादाने हौसेने पुढच्या टोकाची, वरच्या मजल्याची, बाल्कनीवाली घेतली. तिसऱ्या रात्री वारा वाढला. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावं-उजवं डोलणं पुष्कळ कमी करतात. पण पुढचं टोक वर-खाली होतं, त्याला ते फारसं काही करू शकत नाहीत. आत्या रात्रभर गाढ झोपली. वहिनीला मात्र अशी बोट लागली की दुसरा दिवस आडवं पडून काढावा लागला. पोटात ढवळण्याचा त्रास असेल त्यांनी मध्यावरची, खालची केबिन घ्यावी, बाल्कनीचा मोह सोडावा. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच जवळ ठेवावी, कारण त्रास सुरू झाल्यावर घेतलेली गोळी तितकीशी लागू पडत नाही.

आमची केबिन आतली, बिनखिडकीची. वर पोहण्याच्या तलावाचा डेक होता. पहाटे पाचला खुर्च्या सरकवायचे आवाज सुरू व्हायचे आणि ते सातही दिवस चालू राहिले. तक्रार केली, बदलून द्यायला जागा नव्हती. बुकिंग करताना जहाजाचा नकाशा उघडून वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत ना ते बघायला हवं होतं. बाकी आतली केबिन मला आवडली. टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल होतं. आवाज बंद करून ते रात्रभर चालू ठेवलं की पडदा हळूहळू उजळायचा आणि लेकीला सकाळ झाल्याचं कळायचं.

आत्या एकटी. केबिनचं भाडं दोन माणसं धरून काढतात, त्यामुळे एकट्या माणसाला जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. म्हणून भाची आत्याबरोबर राहिली. सोळा आणि बाहत्तर. आम्हाला काळजी होती, पण त्या दोघींची इतकी गट्टी जमली की भाची अजून दर रविवारी आत्याला फोन करते.

बुकिंग चार केबिनचं, म्हणून चार वेगळे क्रमांक. ते एकमेकांना जोडून घ्यायचे असतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पहिल्या रात्री डायनिंग हॉलमध्ये निम्मी मंडळी एका टोकाला, निम्मी दुसऱ्या टोकाला, शिवाय जेवणाच्या वेळाही वेगळ्या. दादाने अर्धा तास उभं राहून विनवण्या केल्या, तेव्हा तिसऱ्या रात्रीपासून मोठं टेबल मिळालं. नाताळात जहाज तुडुंब असतं. केबिनमागे दोन माणसं धरून शंभर टक्के मोजतात आणि सुट्टीत तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावर मुलं असतात, त्यामुळे आकडा शंभराच्या वर जातो. हा फरक लिफ्टसमोर, तलावात आणि बुफेच्या रांगेत जाणवतो. शांतता हवी असेल तर हा आठवडा तुमच्यासाठी नाही.

मुलांसाठी मात्र याच्यासारखा आठवडा नाही. आमची लेक मुलांच्या क्लबमधून यायलाच तयार नसायची. 25 च्या सकाळी सांताक्लॉज आला तेव्हा मोठ्या हॉलमध्ये जिन्यापर्यंत मुलं बसली होती. तीन वर्षांखालच्या मुलांना बहुतेक क्लबमध्ये घेत नाहीत आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक जहाजांवर प्रवेशच नसतो, हे आधी तपासा.

तारखा नीट बघा. जहाज 25 ला बंदरात असेल, तर खाली उतरून बंद दुकानांसमोरून फिरून यावं लागतं. आमचा 25 चा दिवस पूर्ण समुद्रात होता आणि तेच बरं झालं. सगळे एकत्र राहिलो, कुणाला परतायची घाई नव्हती. बंदराच्या दिवशी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. स्थानिक वेळ वेगळी असू शकते आणि स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. त्याच कारणाने आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी बंदराच्या गावी पोचलो होतो. डिसेंबरात विमानं उशिरा येतात, तो एक दिवस वाया गेला असं समजू नका.

बाबांची गोष्ट वेगळी. ते मनाविरुद्ध आले होते. जहाजाच्या सायरनचे सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, हे पहिल्याच दिवशी संकटकाळच्या सरावात शिकवलं, तेव्हा लोक फोनमध्ये डोकं घालून होते आणि बाबा एकेक शब्द ऐकत होते. नंतर त्यांनीच लेकीला समजावलं की 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची क्रूझ बोट खडकावर आपटून कलंडली, 32 माणसं गेली आणि नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. 2015 पासून जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी सराव घ्यावाच लागतो.

समुद्रातल्या दिवसांमध्ये त्यांना व्याख्यानं सापडली. 25 ला जेवताना त्यांनी आम्हाला कोलंबसची हकीकत सांगितली. 1492 च्या नाताळच्या रात्री समुद्र शांत होता, खलाशी झोपले होते, सुकाणू एका पोऱ्याच्या हाती होतं आणि त्याची बोट सांता मारिया हैतीच्या किनाऱ्याजवळ रुतली. तिच्याच लाकडांनी किल्ला बांधला आणि त्याला नाव दिलं ला नाविदाद, म्हणजे नाताळ. बाबा हे सांगताना असे खुलले होते की पलीकडच्या टेबलावरची माणसंही वळून बघत होती.

प्रार्थनेची उणीव मात्र त्यांना जाणवली. 24 च्या रात्रीची प्रार्थना नाट्यगृहात झाली. नीटनेटकी झाली, पण बाबांना ती परकी वाटली. धर्मगुरू प्रत्येक जहाजावर असतातच असं नाही, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं असेल तर आधी विचारून घ्या. त्या रात्रीची मनात राहिलेली गोष्ट म्हणजे मधल्या जिन्यावर उभं राहून कॅरल गाणारी जहाजावरची माणसं. स्वयंपाकघरातली, कपडे धुणारी, यंत्रांवरची. त्यांचे करार सहा ते नऊ महिन्यांचे असतात, त्या काळात घरचा नाताळ नाही. गाणं संपताच अर्धी रांग धावत कामाला गेली. आपली आई बसून जेवते तेव्हा दुसरं कुणीतरी उभं असतं, हे मला तिथे लख्ख दिसलं. बक्षिसी रोज आपोआप बिलात लागते. ती कुणी काऊंटरवर जाऊन कमी करून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या टॉवेलवाल्या मुलाला आम्ही वेगळीही दिली आणि लेकीने काढलेलं हत्तीचं चित्र दिलं.

बिलाबद्दल थोडक्यात. जहाजावर सगळं कार्डावर चालतं, पैसे हातून जाताना दिसत नाहीत. पेयं, इंटरनेट, फोटो, खेळांची यंत्रं यांचं शेवटच्या रात्री एकदम समोर येतं. टीव्हीवर किंवा काऊंटरवर रोज हिशेब बघा. आमच्याकडून न घेतलेल्या दोन पेयांचे पैसे लागले होते, सांगितल्यावर काढले. फोटोंचा संच घेतला त्याचा मला पश्चात्ताप होतो, आठ महिन्यांत तो दोनदा उघडला. भाचीने फोनवर घेतलेली आत्या-आईच्या गप्पांची चार मिनिटं मात्र कितीदा पाहिली त्याची गणती नाही.

हात साबणाने धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो तितका चालत नाही. बाबांची औषधं हातातल्या पिशवीत ठेवली होती हे फार बरं झालं, कारण मोठ्या बॅगा केबिनला पोचायला संध्याकाळ झाली. विमा काढा, जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल वेगळं असतं.

पुन्हा जाऊ का? जाऊ, पण दरवर्षी नाही, एखाद-दोन वर्षं सोडून. चारही केबिन मध्यावर, एकाच मजल्यावर, पहिल्या दिवसापासून एक टेबल. यंदाचा नाताळ आईच्या घरी आहे. कोणता डबा कुठे ठेवलाय हे ती आत्तापासूनच दादाला आणि मला दाखवतेय, कारण 24 ला जेवताना ती उठणार नाही, असं तिने सांगून टाकलंय. खुर्चीही तिने ठरवलीय: आत्याच्या शेजारची, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ असलेली.