‘ऑन बीइंग’ : पत्रिकांच्या घड्या घालता घालता

अमेरिकी मुलाखतकार क्रिस्टा टिपेट यांचा ‘ऑन बीइंग’ हा मुलाखतींचा पॉडकास्ट मी दिवाळीपासून ऐकतोय. अंबाजोगाईत माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिकेचं प्रूफ तपासताना हा पॉडकास्ट अजिबात लावू नये. घड्या घालताना, पाकिटं भरताना मात्र लई भारी सोबत.

आधी हा ‘स्पीकिंग ऑफ फेथ’ नावाचा अमेरिकी रेडिओ कार्यक्रम होता. २०१० साली नाव बदललं, २०२२ साली रेडिओ सुटला.

बाईंचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला: लहानपणी घरात धर्माचं, अध्यात्माचं वातावरण कसं होतं? आपल्याकडे हे कुणी विचारत नाही, आडनावावरून ठरवून मोकळे होतात. शास्त्रज्ञ असो की कवी, पाहुणा इथे थबकतोच. ठिकठिकाणी देऊन गुळगुळीत झालेली उत्तरं मग चालत नाहीत.

बहुतेक मुलाखतींची न कापलेली आवृत्तीही मिळते. तीच ऐका, कारण थांबणं, चाचपडणं त्यात शाबूत असतं. आयरिश कवी जॉन ओ’डोनोह्यू जानेवारी २००८ मध्ये गेले, मुलाखत त्यानंतर प्रसारित झाली. आयर्लंडमधल्या बरेनच्या उघड्या चुनखडीच्या मुलखात वाढलेला हा माणूस भूप्रदेश जिवंत असतो म्हणतो, तेव्हा मला मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरताना लागणारा बालाघाटचा काळा कातळ दिसत होता. अमेरिकी कवयित्री मेरी ऑलिव्हर (२०१५ची मुलाखत) सांगतात, लिहायची वेळ ठरवा आणि पाळा. संतकवी दासोपंतांनी अख्खी पासोडी, म्हणजे पांघरायचं जाड कापड, ‘पंचीकरण’ या वेदान्तावरच्या रचनेने भरून काढली ते गाव आमचं, त्यामुळे हे लगेच पटलं.

खटकतं ते एवढंच की बाई पाहुण्याला फार सांभाळून घेतात. काही भागांत दोघंही एकमेकांना माना डोलावत राहतात. आणि पोट कशावर चालतं, हे क्वचितच विचारलं जातं. पाऊस दडी मारून बसलेला, सोयाबीन हातचं गेलेलं, अशा घरात कविता लिहिणाऱ्याच्या मनात काय चालतं? ते इथे सापडत नाही. पाहुणेही बरेचसे अमेरिकेतलेच.

इंग्रजीची धास्ती असेल तर वेबसाइटवर मुलाखती लेखी स्वरूपात आहेत. माझ्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांनी आधी वाचून घ्यावं. सुरुवात ऑलिव्हरबाईंपासून करा. ओ’डोनोह्यू नंतर, त्यांचे उच्चार कानात बसायला जरा वेळ लागतो.