कूपर्सचं होमब्रू किट: घ्या ते पिंपासाठी, पहिल्या बिअरसाठी नाही

ऑस्ट्रेलियात बाटली-कॅनमधल्या बिअरवरचा टॅक्स फेब्रुवारी आणि ऑगस्टात महागाईप्रमाणे वर सरकतो आणि दरवेळी आमच्या मेलबर्नच्या मित्रमंडळीत कोणीतरी विचारतंच, अरे ते घरी बिअर बनवायचं किट घेण्यासारखं असतं का. तर हो, असतं. पण ज्या कारणासाठी लोक घेतात, म्हणजे खोक्यातल्या पहिल्या बिअरसाठी, त्या कारणासाठी नाही.

कूपर्स म्हणजे ॲडलेडची 1862 पासूनची ब्रुअरी, हिरव्या लेबलची पेल एल त्यांचीच, जी उघडायच्या आधी लोक बाटली आडवी धरून हळूच लोळवतात तळाचा साका मिसळावा म्हणून. त्यांचं स्टार्टर किट म्हणजे एक भलंमोठं खोकं. त्यात तोटी असलेलं प्लास्टिकचं पिंप म्हणजे फर्मेंटर, त्यावर बसणारी कॉलर आणि झाकण, हायड्रोमीटर (द्रवात किती साखर उरलीय ते दाखवणारं तरंगतं उपकरण), लांब चमचा, बाटल्या भरायची नळी, 740 मिलीच्या 30 तपकिरी प्लास्टिक बाटल्या, आणि पहिल्या बॅचचं सामान: 1.7 किलोचा लॅगरचा डबा, 1 किलो ब्रू एन्हान्सर नावाची साखर, यीस्टची 7 ग्रॅमची पुडी, बाटलीत टाकायच्या साखरेच्या गोळ्या. किंमत दुकानागणिक बदलते, पण शंभर डॉलरच्या पुढे धरून चाला. बनते 23 लिटर, म्हणजे बाजारातल्या 24 कॅनच्या कार्टनच्या हिशोबात अडीच कार्टन, आणि इथे एक बरं कार्टन पन्नास-साठ डॉलरला पडतं ते बघता खोक्याचे पैसे पहिल्याच बॅचला निघतात. पुढच्या वेळी फक्त डबा आणि साखर.

कृती अगदीच सोपी. डबा उघडला की आत काकवीसारखा दाट काळसर माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा अर्क, हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) कडूपणा त्यात आधीच घातलेला. तो आणि साखर 2 लिटर गरम पाण्यात विरघळवायची, गार पाण्याने 23 लिटरपर्यंत भरायचं, तापमान बघायचं, वरून यीस्ट भुरभुरवायचं, झाकण लावलं की संपलं. स्वयंपाकघर तासभरात मोकळं. मेलबर्नच्या नळाचं पाणी मुळात मृदू आहे, यारा खोऱ्यातल्या राखीव जंगलांतून येतं, त्यामुळे फिल्टरबिल्टरच्या भानगडीत पडू नका.

खरं काम आहे धुण्याचं. हे कोणी सांगत नाही. बिअरला लागणारी प्रत्येक वस्तू आधी स्वच्छ आणि मग निर्जंतुक हवी, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, साबणाचा वास गेला म्हणजे जंतू गेले असं नाही. धुवायला सुपरमार्केटमधली बिनवासाची ऑक्सिजनवाली कपड्यांची पावडर मस्त चालते, तिच्यातलं सोडियम परकार्बोनेट पिंपाला चिकटलेला वाळका फेस सोडवतं, आणि निर्जंतुक करायला फॉस्फरिक ॲसिडवालं न धुता चालणारं सॅनिटायझर घ्या, एक बाटली खूप महिने पुरते. ब्लीच वापरू नका, नीट खळबळून काढलं नाही तर बिअरला औषधाच्या दुकानाचा वास येतो. आणि पिंप आतून तारेच्या घासणीने कधीच घासायचं नाही, ओरखड्यांत जंतू बसतात.

दुसरी गोष्ट तापमान, आणि इथे मी डब्याबरोबरच्या कागदापेक्षा जुन्या ब्रूअर लोकांचं ऐकेन. डब्याबरोबरचं यीस्ट एल म्हणजे कोमट तापमानाला आंबवणाऱ्या जातीचं, ते पंचवीस डिग्रीलाही काम करतं, पटापट करतं, पण मग बिअरला फळांचा आणि कधीकधी स्पिरिटसारखा उग्र वास लागतो. 18 ते 20 डिग्री ठेवलं तर तीच बिअर साफ लागते. आणि लक्षात ठेवा, आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं त्यामुळे पिंपातलं तापमान खोलीपेक्षा एक-दोन डिग्री जास्तच असतं. मेलबर्नच्या हिवाळ्यात लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, ठेवून गोधडी गुंडाळली की भागतं (बायको म्हणते त्या पिंपाला माझ्यापेक्षा जास्त पांघरुणं आहेत). इथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) 40 डिग्रीच्या आठवड्यात मात्र पाण्याने भरलेल्या टबात पिंप ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या सोडायच्या, नाहीतर सरळ मार्चपर्यंत थांबायचं. जुना फ्रिज आणि एक तापमानाचा कंट्रोलर ही पैसे टाकायची सगळ्यात बरी जागा, नवीन चकचकीत पिंपापेक्षाही.

कॉलरवालं झाकण मला आवडलं. जुन्या किटांना वर बुडबुड करणारा एअरलॉक असायचा आणि बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं लोक समजायचे. इथे झाकण नुसतं वर बसतं, गॅस कडेने निघून जातो, आणि झालं की नाही ते हायड्रोमीटरच सांगतो, जे तसंही तसंच असायला हवं. सुरुवातीला आकडा 1.040 च्या आसपास, आठवड्याभरात 1.010 च्या खाली-वर येतो आणि दोन दिवस हलला नाही की आंबणं संपलं. दोन्हींतल्या फरकाला 131 ने गुणा, म्हणजे इथे जवळपास 4 टक्के अल्कोहोल, शिवाय बाटलीतल्या साखरेचं थोडं वर. आकडा स्थिर व्हायच्या आत काचेच्या बाटल्या भरल्या तर त्या फुटतात, हा बागुलबुवा नाही, खरंच फुटतात. म्हणून नवशिक्याला किटमधल्या प्लास्टिक बाटल्याच ठीक, दाबून बघितलं की गॅस किती झालाय ते कळतं. तपकिरी रंग शोभेला नाही, उजेड लागला की हॉप्समुळे बिअरला घाण वास येतो.

मग प्रत्येक बाटलीत दोन गोळ्या आणि वाट बघणं. दोन आठवडे कमीत कमी. महिनाभर ठेवलीत तर तुम्हालाच विश्वास बसणार नाही की ही तीच बिअर.

आता चव. खोक्यातली लॅगर पिण्यासारखी होते, उन्हातून आल्यावर गारेगार बरी लागते, पण साधी. अस्सल लॅगर 10-12 डिग्रीला आंबवून मग कित्येक आठवडे थंडीत मुरवतात, ती मजा लाँड्रीतल्या पिंपाकडून मागण्यात अर्थ नाही. म्हणून माझं मत, पहिली बॅच हात बसायला करा आणि दुसऱ्याला पेल एलचा डबा घ्या, साखरेचा मोठा हिस्सा काढून त्याजागी सुकं माल्ट घाला म्हणजे बिअरला अंग येतं, आणि आंबणं शांत झालं की 30 ग्रॅम गॅलेक्सी हॉप्स पिंपात टाकून तीनेक दिवस ठेवा. हे इथलंच हॉप, पॅशनफ्रूटचा वास असतो, मर्टलफर्डवरून ब्राइटला जाताना युरोबिनजवळ रस्त्याला लागून जे उंच दोऱ्यांवर चढवलेले वेल दिसतात ना ते हॉप्सचेच मळे. दहा-पंधरा डॉलर जास्त लागतात पण चवीतला फरक कोणालाही कळेल. कुत्रा असेल तर वापरलेले हॉप्स बागेत फेकू नका, कुत्र्यांना ते विषारी असतात.

स्टाउटच्या, म्हणजे काळ्या बिअरच्या, डब्याला मी इंडियन स्टोअरमधला गूळ घालतो, पाव-अर्धा किलो. तो जवळजवळ सगळा आंबून जातो त्यामुळे गोड लागत नाही, नुसता मागे एक खमंग वास राहतो. कांदाभजीबरोबर एकदा पिऊन बघा.

डबा घेताना तारीख बघा. एका ऑनलाइन दुकानाने (नाव नाही घेत) मला मुदत संपत आलेला डबा स्वस्तात म्हणून पाठवला, बिअर गडद झाली आणि तिला शिळी कडवट झाक आली, वर तक्रार केली तर उत्तरच नाही. जुन्या एक्स्ट्रॅक्टचं असंच होतं आणि झाकणाखालचं यीस्टही तितकंच जुनं असतं. डबा जुना वाटला तर चार-पाच डॉलरचं ताजं एल यीस्ट वेगळं घ्या. एखाद्या छोट्या ब्रू शॉपमध्ये जाऊन विचारणं सगळ्यात बरं, तिथली माणसं काउंटरवर पंधरा मिनिटं उभं राहून फुकट शिकवतात.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो सॅनिटायझर खोक्यात नाही म्हणून.

आणि नाशिक-पुण्याहून फोन करून "इकडे पाठव ना एक" म्हणणाऱ्यांसाठी: इथे स्वतःपुरती बिअर घरी बनवायला टॅक्स नाही की परवाना नाही, फक्त विकायची नाही, आणि तीच गाळून दारू काढायची नाही, त्याला परवाना लागतो. महाराष्ट्रात मात्र 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय बिअर बनवणं हा तिथे गुन्हाच. त्यामुळे किट पाठवणार नाही, इकडे या, दोन बाटल्या फ्रिजमध्ये असतात.