जुनी सेंटॉर: मोडकी घेऊन दुरुस्त करायची, की चालती घ्यायची?

इंग्लंडमधल्या बोटयार्डांत कोपऱ्यात पडलेली वेस्टर्ली सेंटॉर कधी कधी जवळजवळ फुकट मिळते. 26 फुटांची ही शिडाची बोट 1969 ते 1980 या काळात बनली, दोन हजारांहून जास्त. तळाला दोन कील, म्हणजे पाण्याखालचे जड पंखे, असल्याने ओहोटीत चिखलावर सरळ उभी राहते. पहिल्या बोटीसाठी मोह पडणं साहजिक आहे.

पण चालत्या सेंटॉरच्या किमतीत सुरू होणारं इंजिन, धड शिडं आणि डोलकाठीच्या बऱ्या तारा आलेल्या असतात. मोडकीत तेच एकेक करून विकत घ्यावं लागतं. नुसतं नवं डिझेल इंजिन बसवून घ्यायचं म्हटलं, तरी बहुधा चालत्या बोटीपेक्षा जास्त पैसे जातात. त्यात यार्डचं भाडं बोटीच्या लांबीवर चालूच राहतं. शनिवार-रविवारी काम करणाऱ्याच्या एका हिवाळ्याचे सहज दोन होतात. विकताना हा खर्च वसूल होत नाही.

मळकी बोट आणि कुजकी बोट यांत मात्र फरक करा. शेवाळ, उडालेला रंग, छताच्या अस्तराचा भुगा झालेला फोम हे सगळं घरच्या घरी निस्तरतं, आणि त्यानेच किंमत पडते. अशी बोट जरूर घ्यावी. बघायचं ते वेगळंच. प्लॅस्टिकच्या हातोडीने डेक ठोकत जा: टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून फायबरग्लासच्या दोन थरांमधला गाभा सुटलाय. आतल्या फळ्या उचलून कीलच्या बोल्टांभोवती तडे किंवा गंजाचे ओघळ आहेत का पाहा. सेंटॉरचा हा जुना दुखरा भाग. तळ तिथे लवतो, मग फायबरग्लासचे थर आणि आडव्या पट्ट्या देऊन तो मजबूत करावा लागतो. बाहेरचं पाणी बोटीत घेणारे पितळी व्हॉल्व्ह चाकूने खरवडा. पिवळ्याऐवजी गुलाबी धातू दिसला, तर त्यातलं जस्त गेलंय. असा व्हॉल्व्ह हातात तुटू शकतो आणि बोट बुडू शकते. तळावरच्या फोडांना मात्र घाबरू नका, ते सहसा वरवरचे असतात.

इंजिन, डेक, कील यांपैकी दोन गोष्टी बिघडलेल्या असतील, तर फुकटातही घेऊ नका. एकच असेल, तर आधी त्या कामाचं लेखी कोटेशन घ्या. विक्रीपत्रही लेखी हवं, आणि यार्डची थकबाकी कुणी भरायची हे सही करण्याआधी ठरवा.